गिरवलेली रेघ

प्रवासास निघावयाचे म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे एक तर देवस्थान उभे राहते, नाही तर थंड हवेचे ठिकाण. अलीकडे कच्छकडे जाणारांची संख्या पुष्कळ वाढली आहे. परंतु तीही मंडळी बहुधा पौर्णिमेच्या चांदण्यात रणातील मीठ पाहून आणि भरतकामाची दोनचार वस्त्रे खरेदी करून परत फिरतात. यात काही गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. तथापि ज्यास अक्षराची गोडी आहे, जुना शिलालेख दिसला असता ज्याचे पाऊल आपोआप थबकते, अशा गृहस्थाने भुजहून उत्तरेस खावडा आणि तेथून रण ओलांडून धोळावीरा असा जो रस्ता जातो, त्यावर तीन दिवस अवश्य खर्च करावेत. या एकाच रस्त्यावर माणसाच्या हातच्या तीन प्रकारच्या रेघा पाहावयास मिळतात. पहिली सर्वस्वी वाचता येते. दुसरी जगातील कोणाही पंडितास अद्याप सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाही. आणि तिसरी वाचण्यासाठी काढलेलीच नाही, तरी आजही जिवंत हातातून मातीच्या भांड्यावर उमटत आहे. या तिहींचा परस्परांशी संबंध काय, हे यथामति सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गेल्या पौषात आम्ही, आमच्या सौ., धाकट्या बंधूंचे चिरंजीव, सूनबाई आणि त्यांची दहा वर्षांची कन्या अशी पाच माणसे मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी भुजेस उतरलो. भुज हे जाडेजा राजांच्या राजधानीचे गाव. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने या गावाची फार मोठी हानी झाली आणि जुन्या वस्तीचा बराच भाग नव्याने उभारावा लागला. हमीरसर तलावाच्या काठी कच्छचे वस्तुसंग्रहालय आहे. ते १८७७ साली स्थापन झाले असून गुजरातेतील सर्वांत जुने म्हणून त्याची ख्याती आहे. त्याचे पहिले नाव फर्ग्युसन म्युझियम. मुंबई इलाख्याच्या ज्या गव्हर्नरसाहेबांचे नाव पुण्याच्या कॉलेजास मिळाले, तेच हे फर्ग्युसन. त्यामुळे दारातच आपल्याकडील एखादा परिचित गृहस्थ भेटल्यासारखे वाटते.

या संग्रहालयातील भरतकाम, शस्त्रे व चांदीची कलाकुसर पाहण्यासाठी लोकांची गर्दी असते. आम्ही मात्र प्रथम गेलो ते क्षत्रपकालीन शिलालेखांकडे. क्षत्रपांच्या लेखांचा फार मोठा संग्रह येथे आहे आणि त्यांत अंधौ गावचे शिलास्तंभ विशेष प्रसिद्ध आहेत. अंधौ हे खावड्याच्याच टापूतील खेडे. हे लेख महाक्षत्रप चष्टन व त्याचा नातू रुद्रदामा यांच्या वेळचे असून त्यांवर वर्ष ५२, फाल्गुन वद्य द्वितीया, अशी मिती कोरलेली आहे. हे वर्ष म्हणजे इसवी सन १३०. ज्या कालगणनेस आपण शालिवाहन शक म्हणतो आणि जी आपल्या घरातील पंचांगाच्या मुखपृष्ठावर दरवर्षी छापलेली असते, त्याच गणनेतील ही बावन्नावी साल होय. रुद्रदाम्याने दक्षिणापथपति सातकर्णीस दोन वेळा जिंकल्याचे गिरनारच्या लेखात सांगितलेले आहे. तेव्हा महाराष्ट्राच्या वाचकास हा राजा अगदीच परका नव्हे.

परंतु या स्तंभांवर राजाचा पराक्रम नाही. सीहिल नावाच्या गृहस्थाचा मुलगा मदन याने आपली बहीण, आपला भाऊ आणि आपली पत्नी यांच्या स्मरणार्थ हे दगड उभे केले, एवढाच मजकूर. अशा स्तंभास लेखात 'लष्टि' म्हटले आहे. संस्कृतातील यष्टि ती हीच, आणि आपल्या मराठीतील लाठीही तिचीच वंशज. आम्ही मुलीस ब्राह्मीतील 'क' दाखविला, तो बेरजेच्या चिन्हासारखा. 'ठ' चे वर्तुळ दाखविले, ते आजच्या 'ठ' च्या पोटात अजून शिल्लक आहे. काही वेळाने तिची तीच एकेक अक्षर ओळखू लागली. एका घरातील तिघांच्या मृत्यूचे दुःख सुमारे १,९०० वर्षांनंतर परमुलखातील एका मुलीस बोट ठेवून वाचता यावे, याहून लेखनविद्येचा मोठा महिमा तो कोणता? आणि हेही ध्यानात ठेवावे की, १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मीचा उलगडा करीपर्यंत हे सारे दगड मुके होते. त्यांच्यापुढून शेकडो वर्षे विद्वान आणि अडाणी सारखेच अज्ञानी होऊन गेले असतील.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही भाड्याच्या मोटारीने उत्तरेस निघालो. वाटेत एके ठिकाणी कर्कवृत्ताची पाटी लागते. तेथे उतरून मुलीने एक पाय उष्ण कटिबंधात व एक समशीतोष्ण कटिबंधात ठेवून भूगोलाचा धडा प्रत्यक्ष करून घेतला. पुढे भिरंडियारा येथे ताज्या खव्याची मिठाई मिळते. येथपासून बन्नीचे विस्तीर्ण गवताळ रान पसरले आहे. म्हशींचे कळप, गांडो बावळीची काटेरी झुडुपे आणि दूरवर धुरकट निळे डोंगर यांखेरीज दृष्टीस काही पडत नाही. खावड्यास आम्ही पाण्यापुरते थांबलो. तेथून उत्तरेकडील काळो डुंगर हे कच्छातील सर्वांत उंच स्थळ असून त्याच्या माथ्यावर दत्तात्रेयांचे स्थान आहे. आरतीनंतर येथील प्रसाद रानातील कोल्ह्यांस घालण्याची रीत आहे. गाणगापूर आणि नरसोबाची वाडी करणाऱ्या आपल्या दत्तभक्तांपैकी फारच थोड्यांस हे स्थान ठाऊक असेल, म्हणून मुद्दाम उल्लेख केला.

खावड्याहून खडीर बेटाकडे जाणारा रस्ता थेट रणातून जातो. पूर्वी धोळावीऱ्यास जावयाचे तर भचाऊ व रापरवरून मोठा वळसा घ्यावा लागे. आता दोन्ही बाजूंस पांढरेशुभ्र मीठ अथवा उथळ पाणी आणि मधून बाणासारखी सरळ काळी सडक. त्या पांढऱ्या रंगावर डोळा ठरत नाही. खडीर बेटास पोचल्यावर मात्र पुन्हा तांबूस माती, बाजरीची शेते व कौलारू घरे दिसू लागतात.

धोळावीऱ्याच्या टेकाडास गावकरी कोटडा म्हणत. पुरातत्त्व खात्याच्या जगत्पती जोशी यांनी १९६७-६८ च्या सुमारास त्याचे महत्त्व ओळखले आणि १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली तेथे अनेक वर्षे उत्खनन झाले. २०२१ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. सुमारे ७७१ मीटर लांब व ६१७ मीटर रुंद अशा तटाच्या आत बालेकिल्ला, मधले नगर आणि खालचे नगर अशी व्यवस्थित आखणी आहे. मोहेंजोदडोस विटा, तर येथे घडीव दगड. उत्तरेस मानसर व दक्षिणेस मनहर असे दोन पावसाळी ओढे. त्यांचे पाणी बांध घालून वळवायचे आणि खडक फोडून केलेल्या प्रचंड हौदांत साठवायचे, हे येथील लोकांचे मुख्य कसब. खाऱ्या रणाच्या मध्यभागी गोड्या पाण्याचा असा हिशेब ठेवणारे लोक अत्यंत शिस्तीचे असले पाहिजेत, याविषयी शंका राहत नाही.

बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजालगत एका दालनात उत्खननकर्त्यांस जी वस्तू मिळाली, तिने या गावाचे नाव जगभर झाले. दहा मोठी चिन्हे एका ओळीत पडलेली होती. प्रत्येकाची उंची सुमारे ३७ सेंटिमीटर. पांढऱ्या जिप्समचे तुकडे कापून ती लाकडी फळीवर बसविलेली असावीत. फळी कुजून माती झाली, चिन्हे मात्र राहिली. आऱ्यांच्या चाकासारखे एक चिन्ह त्यात चार वेळा येते. बहुधा दरवाजावर लावलेली ती पाटी असावी, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. नगराचे नाव, राजाचे नाव, देवाचे नाव, की केवळ येणाराजाणाऱ्यास सूचना? कोणी काहीही म्हणावे. पाटी आहे, दरवाजा आहे, वाचणाराही समोर उभा आहे. फक्त वाचन नाही.

जवळच्या वस्तुसंग्रहालयात मुद्रा, मणी, वजने यांच्या शेजारी खापरे मांडलेली आहेत. सामान्य प्रवासी मुद्रा पाहून पुढे सरकतो. आमची विनंती अशी की, खापरांपाशी थोडे अधिक थांबावे. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी आपली चिन्हे दगडी मुद्रांवर जशी कोरली, तशीच ती मातीच्या भांड्यांवरही पुष्कळ काढली. यांतही दोन जाती आहेत. भांडे भाजण्यापूर्वी ओल्या मातीत ओढलेली रेघ गुळगुळीत असते आणि तिच्या दोन्ही काठांवर माती किंचित वर उचललेली असते. ती कुंभाराच्या अंगणातील. भाजल्यानंतर अणकुचीदार वस्तूने ओरखडलेल्या रेघेच्या कडा मात्र तुटक व खडबडीत असतात. ती बहुधा धन्याच्या घरातील, आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यावर नाव घालून घेतात त्या जातीची. एकच चिन्ह, पण काढणारा हात निराळा, हे नुसत्या कडेवरून कळते.

या खापरांनीच एक मोठा प्रश्न सोडविला. सिंधू लिपी डावीकडून वाचावयाची की उजवीकडून? राजस्थानातील कालीबंगन येथे मिळालेल्या काही खापरांवर ओळीतील चिन्हांच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या आहेत. नंतरची रेघ आधीच्या रेघेस कापून जाते, हे तर शाळेतील मुलासही पटेल. ब्रजबासी लाल यांनी हा क्रम तपासून, चिन्हे उजवीकडून डावीकडे काढीत नेली असल्याचे १९६६ साली दाखवून दिले. मोठमोठ्या तर्कांनी जे निर्विवाद सिद्ध झाले नसते, ते एका घाईच्या कुंभाराच्या ओळीने सिद्ध झाले.

पण येथवर येऊन रस्ता थांबतो. इरावतम् महादेवन् यांनी १९७७ साली या लिपीतील सर्व लेखांची जी सूची प्रसिद्ध केली, तीवरून चिन्हांची संख्या चारशेच्या घरात जाते. लेख मात्र अगदी तोकडे, सरासरी पाच चिन्हांचे. प्रिन्सेपास ज्याप्रमाणे एकच नाव दोन लिप्यांत असलेली नाणी मिळाली, तसा एकही द्विभाषी लेख येथे मिळालेला नाही. लोथल खणणारे शि. रं. राव यांनी या चिन्हांत संस्कृतास जवळची भाषा पाहिली. फिनलंडचे आस्को पार्पोला आणि स्वतः महादेवन् यांनी द्राविडी पाहिली. २००४ साली तिघा पाश्चात्य पंडितांनी तर ही लिपीच नव्हे असे प्रतिपादन केले. यांपैकी कोणतेही मत सर्वमान्य झालेले नाही. आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या माणसास त्या पाटीत एखादे वैदिक नाव दिसावे अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने आयुष्यभर मुलांस, न येणाऱ्या उत्तराच्या जागी मनचे लिहू नका, असे बजावले, त्याने स्वतःस ती सवलत घेऊ नये. आमची नात पाटीच्या चित्रावरून दहाही चिन्हे वहीत उतरवून घेत होती. तिने विचारले, "आजोबा, वाचता येत नाही तर मग हे उतरवून कशाला घ्यायचे?" आम्ही म्हणालो, "बाळ, ज्यांनी अंधौचे दगड उतरवून घेतले, त्या सर्वांनाच काही ते प्रथमदर्शनी वाचता आले नव्हते." हे उत्तर पुरेसे आहे असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले नाही.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अंधौचे लेख ज्यांनी संपादून प्रसिद्ध केले, ते राखालदास बॅनर्जी पुरातत्त्व खात्याच्या पुणे येथील पश्चिम विभागाचे अधिकारी होते, आणि त्यांनीच १९२२ साली मोहेंजोदडो खणण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी १९११-१२ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकर तेथे जाऊन आले होते. विटा पाहून ते स्थळ फार जुने नसावे असे त्यांस वाटले. पुढे १९२४-२५ मध्ये काशिनाथ नारायण दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. म्हणजे वाचता येणारी रेघ आणि न येणारी रेघ या दोहोंशी पुण्याच्या एका कचेरीचा संबंध आलेला आहे.

परतीच्या वाटेवर आम्ही खावड्यास मुद्दाम थांबलो. येथील रंगीत मडकी प्रसिद्ध आहेत. कुंभार मुसलमान, घराणी थोडी उरली आहेत. अंगणात एक वृद्ध कारागीर चाकावर बसला होता आणि ओसरीवर त्याची सून रंगकाम करीत होती. येथे माती मळणे, चाकावर भांडे उचलणे, थापटून त्यास पोट आणणे ही कामे पुरुषांची. रंगविणे हे सर्वस्वी स्त्रियांचे. वाळलेल्या भांड्यास प्रथम गेरूचा हात द्यावयाचा आणि मग पांढऱ्या व काळ्या मातीच्या रंगाने, बांबूच्या काडीच्या टोकाने नक्षी काढावयाची. त्यानंतर लाकडे व शेणी यांच्या जाळात भाजावयाचे. सूनबाईने डाव्या हाताने मडके फिरवीत उजव्या हातातील काडी अशी स्थिर धरली की, रेघ आपली आपण येऊन स्वतःच्या आरंभास मिळाली. वर ठिपके, मग लाटा, मग पुन्हा आडवे पट्टे, मग पानांची ओळ. तिने कोठे मोजले नाही की पुसले नाही.

आमच्या सौ. मडक्यावर बोटाची टिचकी मारून आवाज ऐकत होत्या. म्हाताऱ्याने ते पाहिले आणि तो हसून म्हणाला, "माजी, तुम्ही घरात मडके वापरणाऱ्या दिसता. इतर लोक फोटो काढतात." सौ. म्हणाल्या, "चाचा, बद्द वाजले तर पाणी धरत नाही, हे आमच्या सासूबाईंनी शिकवले." एवढ्यावर दोघांचे सूत जमले.

आम्ही त्यास विचारले, "ही तुमची नक्षी धोळावीऱ्याच्या काळापासून चालत आली आहे असे लोक म्हणतात, ते खरे का?"

म्हातारा चाक थांबवून म्हणाला, "साहेब, धोळावीरा खणला तेव्हा मी चांगला कर्ता माणूस होतो. आमची नक्षी त्याआधीची. माझ्या आईला काढताना मी पाहिले, आईने तिच्या सासूला पाहिले. त्याच्या पलीकडचे सांगणारा मी कोण?"

आम्ही सूनबाईस विचारले, "बेटी, या लाटांचा काही अर्थ आहे का?" ती मान वर न करता म्हणाली, "अर्थ कसला, बाबूजी? पहिली रेघ सरळ आली पाहिजे. ती चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात."

या म्हाताऱ्याचे उत्तर आम्हांस अनेक छापील पुस्तकांहून अधिक प्रामाणिक वाटले. हडप्पाकालीन भांड्यावर लाल लेपावर काळी नक्षी असते. एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, माशाचे खवले, पिंपळाचे पान, मोर, आडवे पट्टे हे तिचे विषय. खावड्याच्या मडक्यावर तोच गेरू, तेच आडवे पट्टे, तीच पानांची ओळ. शिवाय पांढरा रंग, जो त्या जुन्या भांड्यांवर सहसा नसतो. साम्य आहे, पण मधल्या साडेतीन हजार वर्षांची साखळी कडीस कडी जोडून कोणीही दाखविलेली नाही. लाल माती, एक काडी आणि फिरते भांडे एवढे साहित्य असले की कोणत्याही देशात पट्टे व लाटा उत्पन्न होतील, हेही विसरता कामा नये. तेव्हा, 'पाच हजार वर्षांची अखंड कला', असे जे दुकानातील चिठ्ठीवर छापतात, ते छापणाराने जपून छापावे. साखळी लांब आहे म्हणून ती मौल्यवान, असे नाही. सासूच्या हातून सुनेच्या हातात आलेली जी एक कडी आपण डोळ्यांनी पाहिली, तीच पुरेशी मौल्यवान आहे.

लिपी गेली आणि मडके राहिले, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही आहे. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद येथे उत्तर-हडप्पा काळाच्या थरात सिंधू लिपीतील चिन्ह असलेल्या मातीच्या दोन गोल मुद्रा आणि चिन्हांची काही खापरे मिळाली. त्याच टेकाडाच्या वरच्या थरांत त्यानंतरच्या लोकांची, विशेषतः जोर्वे संस्कृतीची, सुरेख लाल भांडी आहेत. काळी नक्षी, लांब तोटी, धातूसारखा खणखणीत आवाज. पण अक्षर एकही नाही. इ. स. पूर्व १९०० च्या सुमारास सिंधूची नगरे मोडकळीस आली आणि त्यांच्याबरोबर ती लिपीही बुडाली. आग लावून कोणी ती जाळली नाही. लिहिणारे मूठभर होते. त्यांना पुढचा शिष्य मिळाला नाही, इतकेच. पाणी भरणारे मात्र सर्वच होते, म्हणून कुंभाराचे चाक थांबले नाही.

आमच्या भाषेत 'गिरविणे' हा फार सुंदर शब्द आहे. गुरूने पाटीवर अक्षर काढून द्यावे आणि शिष्याने त्याच रेघेवरून पुनःपुन्हा लेखणी फिरवावी. आम्ही पस्तीस वर्षे मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली. अर्थ मागून येतो. प्रथम हात वळावा लागतो. खावड्याची सून तेच करीत होती. अंधौचा मदन, धोळावीऱ्याचा पाटी बसविणारा आणि ही बाई, या तिघांचेही अस्तित्व गिरविणाऱ्यावर अवलंबून आहे. मदन वाचला, कारण ब्राह्मीची लेकरे असलेल्या लिप्या भारतभर कोणी ना कोणी गिरवीत राहिले आणि त्यांच्या आधाराने मागे जाता आले. धोळावीऱ्याची पाटी मुकी झाली, कारण मध्येच एक पिढी अशी आली की जिने ती गिरविली नाही.

आणि खावडा आज नेमक्या त्या पिढीपाशी उभा आहे. म्हाताऱ्याचा मुलगा मोटार चालवितो. खावड्याजवळ सूर्य आणि वारा यांपासून वीज करण्याचा अतिप्रचंड प्रकल्प उभा राहत आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्याची कोनशिला बसविण्यात आली. महिन्याच्या महिन्यास पगार मिळत असता मातीत हात कोण घालील? घराघरांत शीतपेटी आली, प्लास्टिकचे पिंप आले. प्रवासी येतात ते हलकी, लहान, दिवाणखान्यात ठेवण्याजोगी वस्तू मागतात; मोठा माठ गाडीतून नेणे अवघड. आम्ही म्हाताऱ्यास विचारले, "नातवंडे शिकतात का?" तो म्हणाला, "नात काढते कधीमधी, परीक्षा झाल्यावर." यात कोणाचा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. नातीने शाळेत जावे, हेच बरे. परंतु परीक्षा झाल्यावर जी काडी ती हातात घेते, ती तिने घेत राहावी, एवढ्यापुरते गिऱ्हाईक आपण होऊ शकतो.

हे लिहीत असता दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवून थांबणे योग्य नव्हे. आमच्या घरी माळ्यावरील लाकडी पेटीत लाल रुमालात बांधलेले जुने कागद आहेत: वतनाची यादी, कर्जरोखे, एका पणजोबांनी काशीहून लिहिलेली पत्रे. सर्व मोडी. वडील ते भराभर वाचीत. आम्हांस मिती व नावे लागतात, पुढे अडखळावयास होते. पुतण्यास ती ओळ एका लांब धाग्यासारखी दिसते, आणि त्याच्या कन्येच्या दृष्टीने धोळावीऱ्याची पाटी व तिच्या खापरपणजोबांचे पत्र यांत काडीचा फरक नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवीत असत. म्हणजे दोन-तीन पिढ्यांत एका घरातील अक्षर त्याच घरात मुके झाले. अशा पेट्या या मासिकाच्या वाचकांपैकी किती घरांतून असतील, याचा ज्याने त्याने आपल्या माळ्यावर चढून शोध घ्यावा. सिंधू लिपीस द्विभाषी लेख मिळत नाही म्हणून जगातील पंडित हळहळतात. मोडीचे शिक्षक, पुस्तके व वर्ग आज उपलब्ध असताना आपण ते पत्र बंद ठेवावे, हे चमत्कारिक आहे.

म्हणून प्रत्येक एकत्र कुटुंबातील निदान एका मुलाने अथवा मुलीने मोडी गिरवावी, अशी आमची सूचना आहे. सुटीतील रोज अर्धा तास दिला तर पुष्कळ प्रगती होते. पुढच्या पिढीस पत्रातील सारा मजकूर नको असेल, कर्जरोख्याचे तिला काय करावयाचे! पण वाचावे की न वाचावे हे ठरविण्याचा अधिकार तरी तिच्या हाती राहील.

ज्यांस हा प्रवास करावयाचा असेल, त्यांनी कार्तिक ते माघ या काळात जावे. उन्हाळ्यात रणातील झळ सोसत नाही. प्रथम भुजेचे संग्रहालय, मग धोळावीरा, आणि खावड्याचा मुक्काम परतीच्या वाटेवर, हा क्रम ठेवावा. आधी वाचता येणारे व न येणारे पाहिले म्हणजे मग त्या बाईच्या हातातील काडीकडे पाहण्याची दृष्टी येते. धोळावीऱ्यात पडलेले खापर उचलून खिशात घालण्याचा मोह कोणीही करू नये. तो कायद्याने गुन्हा आहे, शिवाय जागेवरून हललेले खापर पुराव्याच्या दृष्टीने निम्मे मुके होते. खापर हवेच असेल तर खावड्यास अख्खे मडके मिळते.

आमच्या सौ.नी घेतलेला माठ पुतण्याने मांडीवर धरून भुजेपर्यंत आणला आणि पुढे आगगाडीत वरच्या फळीवर चादरींत गुंडाळून ठेवला. सूनबाईंचे मत तो दिवाणखान्यात ठेवावा असे होते. सौ.नी तो तीन दिवस पाण्यात भिजवून स्वयंपाकघरात तिवईवर ठेवला. पाणी गार राहते. बाहेरच्या लाटांवर ओल येऊन काळा रंग अधिकच गडद दिसतो, आणि आमची नात पाणी पिण्यास गेली म्हणजे पुष्कळदा तिचे बोट त्या रेघेवरून फिरत असते.